पट्टीची उडी अखेर थांबली

थांबली बरं का! पडद्याच्या वरच्या कडेला घड्याळ आणि उघड्या खिडकीचं शीर्षक दाखवणारी माझी पट्टी मधेच जाड, मधेच बारीक व्हायची. मागच्या दोन पोस्टमध्ये ज्या उडीवर एवढी चर्चा झाली ती हीच, आणि ती काल रात्री बंद झाली. आज सकाळपासून नुसती मराठी, नुसती इंग्रजी, मिसळ, इमोजीवाली अशी सगळी शीर्षकं उघडून बघितली. पट्टी जागची हलत नाही. या छंदात मला एवढा आनंद बऱ्याच दिवसांनी झाला.

सेटअप तोच आहे. लिनक्सवर खिडक्या मांडणारा स्वे, पट्टी दाखवणारं वेबार आणि १३६६ बाय ७६८ चा जुना लॅपटॉप. एवढ्याशा पडद्यावर उभे पिक्सेल मोजून मिळतात, म्हणून पट्टी जमेल तेवढी बारीक हवी आणि तिच्यावरचं सगळं मराठीत हवं, हा हट्टही तोच. पॉलिबार हा आधीचा पट्टीचा प्रोग्राम सोडायचं कारण पहिल्या पोस्टपासूनच्या लोकांना आठवत असेल: तिथे अक्षरं एकेक करून मांडली जातात, त्यामुळे ‘शनिवार’ची पहिली वेलांटी ‘न’च्या आधी यायची ती नंतर येऊन बसते. वेबार जीटीके या खिडक्या-बटणं काढणाऱ्या लायब्ररीवर चालतं, अक्षरं पँगो आणि हार्फबझ जुळवतात, म्हणून जोडाक्षरं तरी पहिल्या दिवसापासून नीट आली.

उडीचं दुखणं असं होतं. ब्राउझरमध्ये इंग्रजी पान उघडं असलं की सगळं ठीक. मराठी बातमीच्या टॅबवर गेलं की शीर्षकात देवनागरी येते आणि पट्टी फुगते. ती फुगली की स्वे तिच्यासाठी राखलेली जागा वाढवतो, आणि खालच्या झाडून सगळ्या खिडक्या आकसतात. टर्मिनलमधली शेवटची ओळ गायब होते, विम एडिटर सगळा मजकूर पुन्हा मांडतो. टॅब बदलला की परत पहिल्यासारखं. दिवसभर दोन भाषांत काम करणाऱ्या माणसाचा पडदा असा दिवसभर उडून राहिला, तर डोकं ठिकाणावर कसं राहणार?

मागच्या वेळी कोणीतरी सुचवलं होतं की कॉन्फिगमध्ये उंची २४ लिहून टाक, विषय संपला. संपत नाही. वेबार लॉगमध्ये स्वच्छ सांगतं की मागितलेली उंची २४ आहे, पण मॉड्यूलांना (घड्याळ, शीर्षक असे पट्टीवरचे तुकडे) किमान ३३ लागते. म्हणजे तिथला आकडा ही फक्त आपली इच्छा. खरी उंची ठरते ती पट्टीवरच्या सगळ्यात उंच मॉड्यूलवरून. देवनागरी फॉन्टला उंची लागतेच. वर रफार, वेलांटी, अनुस्वार, खाली उकार आणि उतरंडीची जोडाक्षरं. मी चाचणीला ‘मूर्तींची’ हा शब्द ठेवलाय. खाली ऊकार, वर रफार, दीर्घ वेलांटी आणि अनुस्वार, सगळं एकाच शब्दात. ज्या पट्टीत ‘मूर्तींची’ शाबूत दिसत नाही ती पट्टी मला चालत नाही, मग ती कितीही बारीक असो.

आता गंमत बघा. मी घड्याळ देवनागरीत आणलं तेव्हाच उडी अर्ध्याहून कमी झाली होती. घड्याळ कायम पट्टीवर असतं, त्यामुळे देवनागरीला लागणारी उंची पट्टी कायमच धरून बसली. मग मराठी शीर्षक आलं तरी फुगायचं कारण उरत नाही. पण फुगत होती. दोन-तीन पिक्सेलच, पण खिडक्या तेवढ्यानेही हलतात.

काल बसून टर्मिनलचं शीर्षक हाताने बदलत गेलो. नुसतं इंग्रजी: पट्टी स्थिर. नुसतं ‘मूर्तींची’: स्थिर. ‘मूर्तींची’च्या पुढे एक इंग्रजी शब्द जोडला: उडी! परत काढला: स्थिर. तिथे ट्यूब पेटली. देवनागरी एकटी काही करत नाही, रोमनही करत नाही. दोन्ही एका ओळीत आले की बिघडतं. आणि ब्राउझरचं प्रत्येक शीर्षक शेवटी स्वतःचं इंग्रजी नाव लावतं, म्हणजे मराठीतलं प्रत्येक पान हे मिसळ शीर्षकच झालं.

कारण असं. प्रत्येक फॉन्टची बेसलाइनच्या (अक्षरं ज्या रेघेवर बसवतात तिच्या) वरची उंची वेगळी आणि खालची खोली वेगळी. माझा रोमन फॉन्ट जेटब्रेन्स मोनो वर जास्त जागा मागतो, खाली कमी. नोटो सान्स देवनागरी उलटं, खाली जास्त. दोघं एका ओळीत आले की पँगो वरची उंची एकाची घेतो आणि खालची खोली दुसऱ्याची. बेरीज दोघांपेक्षाही मोठी होते. पँगोचं यात काही चुकत नाही, त्याला अक्षरं कापायची नाहीत. पण माझ्या खिडक्या त्यापायी नाचतात.

उपाय शोधताना आधी सीएसएसकडे, म्हणजे पट्टीचं रूप ठरवणाऱ्या नियमांकडे गेलो. जीटीके ३ च्या सीएसएसमध्ये किमान उंची देता येते, कमाल देता येत नाही. ओळीची उंची ठरवणारा गुणधर्मही नाही, तो पुढे जीटीके ४ मध्ये आला. मग वेबारच्या शीर्षक मॉड्यूलमधली ‘रीराइट’ची सोय वापरून ब्राउझरचं नाव कापलं. याने शीर्षक आटोपशीर झालं, ते मी तसंच ठेवणार आहे, पण बातम्यांच्या मथळ्यातच इंग्रजी शब्द असतात, त्यामुळे रोग अर्धाच गेला.

पुढचा डाव मुक्ता फॉन्टचा. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा हा फॉन्ट मला फार आवडतो. देवनागरी आणि रोमन दोन्ही एकाच फॉन्टमध्ये, सात वजनं, आणि बारीक आकारातही जोडाक्षरं मोकळी दिसतात. शीर्षकाला मुक्ता लावला आणि उडी गेली, कारण आता दोन्ही लिप्यांना एकच माप. पण मुक्ता ओळीला ऐसपैस जागा घेतो, पट्टी कायमचीच जाड झाली. वाचायच्या मजकुरासाठी तो मोकळेपणा सुंदर आहे, ७६८ पिक्सेलांत तो मला परवडत नाही. शिवाय शीर्षकात इमोजी आली की तिसरा फॉन्ट घुसतो आणि पहिले पाढे पंचावन्न.

शेवटी कामी आलं ते जीटीकेचं इन्स्पेक्टर. जीटीके डीबग ‘इंटरॅक्टिव्ह’ करून वेबार चालू केलं की पट्टीतल्या कुठल्याही तुकड्यावर बोट ठेवून त्याने किती उंची मागितली, किती मिळाली ते दिसतं, आणि सीएसएस तिथल्या तिथे लिहून परिणाम बघता येतो. हे साधन ज्यांनी अजून वापरलं नाही त्यांनी आजच वापरा, अंदाजाने आकडे बदलत बसण्यापेक्षा लाखपट बरं. त्यात दिसलं की शीर्षकाचं लेबल घड्याळापेक्षा दोन पिक्सेल जास्त मागतं. मग शीर्षकाला वरून आणि खालून उणे तीन पिक्सेलची मार्जिन (बाहेरची मोकळी जागा) दिली. जीटीकेला उणे मार्जिन चालते! आता शीर्षकाची मागणी घड्याळापेक्षा नेहमीच कमी भरते, म्हणून पट्टीची उंची ठरवायचा हक्क एकट्या घड्याळाकडे गेला. अक्षरं कापली जात नाहीत, कारण प्रत्यक्षात लेबलला पट्टीची पूर्ण उंची मिळतेच. ‘मूर्तींची’ शाबूत आहे, रफारापासून ऊकारापर्यंत. मिसळ शीर्षक आलं की अक्षरं जेमतेम एक पिक्सेल वरखाली होतात, पण खिडक्या हलत नाहीत.

घड्याळाबद्दलही सांगतो, कारण मागच्या वेळी ते अर्धवट होतं. वेबारच्या स्वतःच्या घड्याळाला मराठी लोकेल (भाषेची सेटिंग) दिलं की वार आणि महिना मराठीत येतात, आकडे मात्र इंग्रजीच राहतात. म्हणून वेगळी स्क्रिप्ट. टीआर या अक्षरं बदलणाऱ्या कमांडने आकडे बदलायच्या फंदात पडू नका. देवनागरी आकडा यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) तीन बाइटचा, आणि टीआर एकेक बाइट बघतो, त्यामुळे पट्टीवर कचरा येतो. सेड या दुसऱ्या कमांडने टर्मिनलमध्ये काम फत्ते झालं, पण मशीन रीस्टार्ट केल्यावर घड्याळाची जागा रिकामी! स्वे ज्या वातावरणात सुरू होतो तिथे भाषाच ठरलेली नव्हती, आणि तशा वातावरणात सेडला दहा आकड्यांसमोर तीस बाइट दिसतात, मग तो दोन्ही बाजूंची लांबी जुळत नाही म्हणून नकार देतो. आता छोटी पायथन स्क्रिप्ट आहे, वारांची आणि महिन्यांची नावं तिच्यातच लिहून टाकली. भाषेच्या सेटिंगवर ती अवलंबूनच नाही, कुठेही चालते.

याच घड्याळात एक बारीकशी गोष्ट साधली, तिचा मला उडीइतकाच आनंद आहे. सिस्टिमची भाषा इंग्रजी असली की नोटो फॉन्ट ‘श’ आणि ‘ल’ हिंदी वळणाचे दाखवतो. घड्याळाच्या मजकुराभोवती पँगोचा स्पॅन (मजकुराला गुंडाळणारी खूण) लावून भाषा ‘एमआर’, म्हणजे मराठी, सांगितली आणि फॉन्टने आपली मराठी वळणाची अक्षरं बाहेर काढली. वारांमध्ये फरक फक्त शुक्रवारी आणि शनिवारी दिसतो, महिन्यांत एप्रिल आणि जुलैला. पण शनिवारी सकाळी कोपऱ्यात आपला शाळेत गिरवलेला गाठीचा ‘श’ दिसला, आणि मी उगाच चार वेळा तिकडे पाहिलं.

घड्याळावर माउस नेल्यावर तिथी दाखवायची, असं मागच्या वेळी ठरवलं होतं. ते आता पुढे ढकलतोय. तिथी चंद्र-सूर्यातल्या कोनावर चालते, दर १२ अंशांना एक, आणि दिवसाची तिथी त्या गावच्या सूर्योदयावरून धरतात. रेखांशाच्या फरकाने नागपूरचा सूर्योदय मुंबईच्या साधारण पंचवीस मिनिटं आधी, त्यामुळे कुठलीतरी तयार यादी उचलून भागणार नाही, गणित करावं लागेल. पण हे लिहितानाच सुचलं की राष्ट्रीय सौर दिनांक का दाखवू नये? २२ मार्च १९५७ पासून तो सरकारी कॅलेंडरात आहे आणि त्याचं गणित अगदी सरळ आहे. १ चैत्र म्हणजे २२ मार्च, लीप वर्षात २१. वैशाख ते भाद्रपद ३१ दिवसांचे, आश्विनपासून फाल्गुनापर्यंत ३०, चैत्र ३०, लीप वर्षात ३१. सनातून ७८ वजा केले की शक, वर्षारंभाच्या आधीच्या दिवसांत ७९. पायथन हाताशी आहेच, पाच-दहा ओळींचं काम. पडताळा घ्यायला १५ ऑगस्ट चांगला, दरवर्षी २४ श्रावणच यायला पाहिजे. आज रात्री बसतो.

बाकी फुटकळ. कार्यपटलांचे (वर्कस्पेसचे) क्रमांक १ ते ९ मराठीत आले, वेबारच्या फॉरमॅट-आयकॉन सेटिंगमध्ये लिहिले की झालं. सीताबर्डीतून घेतलेला वापरलेला मॉनिटर जोडलाय, चांगला माल आहे, घेताना फक्त पांढरा पडदा लावून डाग बघून घ्या. दोन पडदे झाल्यामुळे रंगांचा प्रश्न आला, तो आपल्या नागपूर मेट्रोने सोडवला: ज्या पटलावर मी आहे ते ऑरेंज लाइनच्या नारिंगीत, दुसऱ्या पडद्यावरचं दिसणारं ॲक्वा लाइनच्या निळसर हिरव्यात. गडद पट्टीवर हे दोन रंग एकदम वेगळे उठून दिसतात.

प्रोसेसरच्या तापमानाचं मॉड्यूल मात्र छळून राहिलंय. हार्डवेअर मॉनिटरचा (पडदा नव्हे, मशीनमधल्या सेन्सरांचा) क्रमांक बूट झाल्यावर बदलतो, आज २ तर उद्या ३, आणि मॉड्यूल भलताच सेन्सर वाचतं. क्रमांकाऐवजी वरच्या फोल्डरचा पूर्ण पत्ता आणि फाइलचं नाव वेगळं द्यायची सोय वेबारमध्ये आहे, तिकडे वळतोय. धोक्याची रेघ ८० वरून ८५ वर नेलीय. नागपूरच्या मे महिन्यात कूलर चालू असलेल्या खोलीतही दुपारी ८० गाठायला काही लागत नाही, आणि दिवसभर लाल दिसणारा आकडा काही सांगत नाही.

उणे मार्जिनची युक्ती हायपरलँडवर (स्वेसारखाच खिडक्या मांडणारा दुसरा प्रोग्राम) किंवा १२५ टक्के स्केलिंगवर कोणी करून बघितली, तर इन्स्पेक्टरमध्ये शीर्षकाने आणि घड्याळाने मागितलेली उंची मोजून इथे टाका. फॉन्टचं नाव आणि आकारही लिहा. अपूर्णांकी स्केलिंगला तीन पिक्सेल पुरतात की चार लागतात, हे मला माझ्या मशीनवर बघता येत नाही.