तुम्ही विचारलंत म्हणून : चार गावांना अख्खं वर्ष लागतं?

भाषाविज्ञान विभागाचा वार्षिक अहवाल निघाला की हा प्रश्न ठरलेला. कधी शेजारच्या रसायनशास्त्रवाल्यांकडून येतो, कधी लग्नाच्या पंगतीत. "दोन पीएच.डी., तीन शोधनिबंध आणि चार गावांत बोलीचं ध्वनिमुद्रण. चार गावं फिरायला वर्ष लागतं होय?"

फिरायला पंधरवडा पुरतो. वर्ष जातं ते परत आल्यावर.

तरी गावातही घाई करून चालत नाही. मुद्रण वेव्ह फाइलमध्येच करायचं, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. एका माइकचं मुद्रण असेल तर तासाला सुमारे ५२० एमबी जागा खातं. जागा वाचवायला कुणी एमपीथ्री (आवाजातला काही भाग गाळून लहान केलेली फाइल) केलं की नंतर 'स', 'च' यांसारख्या ध्वनींचं मोजमाप भरवशाचं राहत नाही, आणि गेलेलं परत मिळत नाही. पंखा बंद, फ्रिजपासून लांब. पत्र्याच्या किंवा फरशीच्या रिकाम्या खोलीत आवाज घुमतो आणि स्वर नेमका कुठे संपला ते कळत नाही. त्यापेक्षा गोधड्यांच्या ढिगाशेजारी बसलेलं बरं. सुरुवातीलाच माणसाची संमती, वय, गाव आणि घरात बोलतात ती भाषा तोंडी नोंदवून घ्यायची. कागदावरची नोंद हरवते, फाइलीतली हरवत नाही.

खरी फसगत प्रश्नात असते. "'मी आंबा खाल्ला' हे तुमच्याकडे कसं म्हणतात?" असं विचारलं की समोरचा सभ्यपणे "मी आंबा खाल्ला" असंच सांगतो. कॉलेजातून आलेल्या माणसापुढे शाळेतली मराठी बाहेर येते. चहा आला, गप्पा सुरू झाल्या की तोच माणूस "म्या खाल्ला" म्हणतो, दुसऱ्या एखाद्या भागात "मीनं खाल्ला". प्रमाण मराठीत 'त्याने खाल्ला' पण 'मी खाल्ला'. हा 'ने' कुठल्या गावात 'मी'लाही लागतो, हेच तर शोधायचं असतं, आणि भाषांतर करायला लावलं तर नेमकं तेच निसटतं. ग्रियर्सन या ब्रिटिश अधिकाऱ्याने केलेल्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात (मराठीचा सातवा खंड, १९०५) बोलीबोलींतून बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट भाषांतरित करून घेतली होती. तुलनेला सोयीची, पण भाषांतराची छाया तिच्यावर राहतेच. म्हणून मूक चित्रफीत दाखवून "काय झालं ते सांगा" म्हणणं चांगलं. समोरच्याला उचलायला आपलं वाक्यच नसतं.

आता हिशेब. समजा, चार गावं, प्रत्येकी सहा जण, प्रत्येकाचा अर्धा तास, म्हणजे १२ तास किंवा ७२० मिनिटं. ईलान या, मुद्रण ऐकत ऐकत लिहायच्या संगणक प्रणालीत वाक्य न् वाक्य तोडायचं, उच्चार लिहायचा, शब्दांचे घटक सोडवायचे, अर्थ द्यायचा. एका मिनिटाला अर्धा ते एक तास जातो. पाऊण तास धरला तरी ५४० तास झाले. दिवसाला पाच तासांपलीकडे कान साथ देत नाहीत, म्हणजे एका माणसाचे १०८ दिवस. त्यात शिकवण्याचे तास, परीक्षा आणि समित्या मिळवा.

देवनागरीत लिहून भागेल असं वाटतं, पण भागत नाही. 'जरा थांब' मधला 'ज' आणि म्हातारपण या अर्थाच्या 'जरा'मधला 'ज' वेगळे, अक्षर मात्र एकच. म्हणून प्रत्येक ध्वनीला वेगळं चिन्ह देणारी आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी वापरावी लागते. नेहमीची चूक याहून साधी आहे. वऱ्हाडी बाई स्पष्ट 'डोया' म्हणते आणि लिहिणारा सवयीने 'डोळा' लिहितो. लिहिणारा जितका शुद्धलेखनात पक्का, तितका हा धोका मोठा. उपाय कंटाळवाणा आहे: मजकुराचा दहावा भाग दुसऱ्याने पहिल्याचं न बघता लिहायचा आणि दोन्ही ताडून पाहायचे. फरक सारखा एकाच ध्वनीवर पडत असेल तर सगळं पुन्हा ऐकायचं.

अहवालातले बाकीचे आकडे वाचताना थोडा चष्मा लावा. मौखिकी (प्रबंधावरची तोंडी परीक्षा) मार्चमध्ये झाली आणि पदवीची अधिसूचना जुलैत निघाली, तर ती पीएच.डी. कुठल्या वर्षाची? पदवी अधिसूचनेच्या तारखेवर धरावी, नाहीतर तोच विद्यार्थी दोन अहवालांत पास होतो. जेआरएफ (नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) मिळालेल्याला नेटच्या यादीतही मोजलं की एकाचे दोन होतात. 'स्वीकृत' निबंध छापलेल्यात घालू नयेत. प्रकल्पाचा पैसा एप्रिल ते मार्च चालतो आणि शैक्षणिक वर्ष पावसाळ्यात सुरू होतं, त्यामुळे खर्च एका वर्षात नि काम दुसऱ्यात दिसतं. यात घोटाळा नसतो, तारखांचा खेळ असतो.

आणि काही कामं वर्षाच्या मापात बसतच नाहीत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत महाकोशाचं, म्हणजे मोठ्या शब्दकोशाचं, काम १९४८ साली सुरू झालं. सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द आणि त्यांचे संदर्भ टिपलेल्या जवळपास एक कोटी चिठ्ठ्या निघाल्या, आणि पहिल्या खंडाचा पहिला भाग यायला १९७६ उजाडलं. मधल्या एवढ्या वर्षांच्या अहवालांत 'चिठ्ठ्यांचे काम सुरू' याहून वेगळं काय लिहिणार?

तेव्हा पुढच्या वेळी अहवाल हातात आला की गावांचा आकडा सोडा आणि त्यापुढचा शब्द बघा. 'लिप्यंतरण पूर्ण', म्हणजे ऐकलेलं सगळं लिहून झालं, असं असेल तर वर्ष भरगच्च गेलं. 'ध्वनिमुद्रण पूर्ण, लिप्यंतरण सुरू' असेल तर पुढच्या वर्षी तीच चार गावं पुन्हा दिसतील. ती चुकून छापलेली नसतात.