४८ सेकंदांचा मारवा

सकाळी दहाला गोरेगावच्या स्टुडिओत ढोलकी आणि बासरी रेकॉर्ड करायची होती. हत्तीच्या पिल्लाची कार्टून मालिका, २२ मिनिटांचा भाग. वादक आत बसले आणि मी नुकतंच आलेलं अंतिम चित्र लावलं. पिल्लू धपकन चिखलात पडलं, आणि कीबोर्डवर वाजवून ठेवलेली ढोलकीची थाप नंतर पडली. दहाव्या सेकंदाला जेमतेम जाणवणारी चूक तिसऱ्या मिनिटाला सात सेकंदांवर गेली होती.

एकही दृश्य कापलेलं नव्हतं, तरी भाग २१ मिनिटं ७ सेकंदांत संपत होता. घोळ तिथेच कळला. मला आधी मिळालेलं कच्चं चित्र सिनेमासारखं सेकंदाला २४ फ्रेमचं, म्हणजे २४ स्थिर चित्रांचं होतं आणि हे टीव्हीसाठी २५चं. फ्रेम तेवढ्याच, फक्त लवकर संपणाऱ्या.

तयार संगीत नुसतं वेगात पळवलं तर पट्टी चढते. पेटीवरच्या पांढरी एकचा सूर शेजारच्या काळी एककडे निम्म्याहून जास्त सरकतो. पण मी लय फ्रेममध्येच मोजतो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा म्हणजे अर्धा सेकंद, २४च्या चित्रात १२ फ्रेम. २५च्या चित्रात त्याच १२ फ्रेम हव्या असतील तर लय १२५ करायची. केली. सगळ्या थापा पुन्हा जागेवर आल्या. ढोलकीवाल्या दादांनी नवी क्लिक, म्हणजे कानात लय देणारी टकटक, दोनदा ऐकली आणि जेवणाआधी त्यांचं काम संपवलं.

अडलं ते बासरीपाशी. आई हरवलेल्या पिल्लाचं दृश्य, ४८ सेकंदांचं, लय नाही, ताल नाही, नुसता राग मारवा. मारव्यात षड्ज (सा) टाळून कोमल रिषभ (रे) आणि धैवतावर (ध) रेंगाळतात, म्हणून मी तो निवडला होता. पिल्लाची सोंड आईच्या पायाला लागेल तेव्हाच षड्ज. आदल्या आठवड्यात ते सुंदर वाजलं होतं. आता दृश्य ४६ सेकंदांचं झालं होतं.

"दोन सेकंद संगणकावर आवळून घेतो," मी म्हणालो.

"नको," बासरीवाले दादा म्हणाले, "चित्र दाखवा."

तीनदा पाहिलं त्यांनी. मग धैवतावरची एक पूर्ण फेरी सोडून दिली. लांबवलेला रिषभ मात्र तसाच ठेवला, आणि सोंड टेकताच षड्जावर आले. आत बसलेले ढोलकीवाले दादा "वा" म्हणाले, म्हणून तो टेक बाद झाला.

चौथा टेक ठेवला. त्यात षड्जाआधी दादांनी घेतलेला श्वास ऐकू येतो. एरवी असे श्वास मी कापून टाकतो. पण सिनेमात शूटिंगच्या जागेचा काही ना काही आवाज असतो. इथे आपण घालू तेवढाच. पिल्लाच्या छातीत श्वास कोणी रेकॉर्ड केलेला नव्हता. चित्रकारानं त्या क्षणी त्याची छाती किंचित वर उचललेली आहे, चार फ्रेम. श्वास नेमका त्यांवर पडत होता. मी हात लावला नाही.