वडील : मयत

कार्यालयाबाहेर बायकांची रांग लागली की मी आधी म्हणते, "मेसेज दाखवा." तो तोच असतो. आई किंवा वडील वारलेल्या मुलांना महिना ४००० रुपये, आजच फॉर्म भरा, सगळ्या ग्रुपवर पाठवा. मी जिल्हा बाल संरक्षण कक्षात कंत्राटी सामाजिक कार्यकर्ती आहे आणि आमचा निम्मा वेळ हा मेसेज निस्तरण्यात जातो. तो धडधडीत खोटा असता तर सोपं होतं. ४००० रुपये खरे आहेत, केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतल्या प्रायोजकत्वाचे, म्हणजे मूल घरीच राहून वाढावं म्हणून मिळणाऱ्या मदतीचे. पण त्याला उत्पन्नाची अट आहे, गावात वर्षाला ७२,००० आणि शहरात ९६,०००. शिवाय राज्याची बालसंगोपन योजना आहे, आता सावित्रीबाई फुल्यांच्या नावाची, महिना २२५० रुपयांची. एके काळी तिथे ४२५ मिळायचे. विधवेचीच मुलं बसतात असं दोन्हीकडे नाही. घटस्फोटितेची, नवऱ्यानं टाकलेल्या बाईची, दुर्धर आजारी पालकांची मुलंही बसतात. मेसेजमध्ये तेवढं 'वारलेले' राहिलं आणि बाकीचं गळलं.

त्यातूनच ही फाइल उभी राहिली. अर्जावर वडील : मयत. खाली आमच्या लिपिकाची लाल त्रुटी, मृत्यू दाखला जोडलेला नाही. त्रुटी काढण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. पण दाखला का नसेल, हा प्रश्न त्यांना कधी पडत नाही. तो गृहभेटीला जाणारीनं बघायचा.

गृहचौकशीचा नमुना कुणीही भरू शकतं. घर वाचावं लागतं. मी घरी जायच्या आधी शाळेत जाते आणि हजेरीपट मागते, कारण घर आपल्यासाठी आवरून ठेवलेलं असतं, हजेरीपट नसतो. या मुलीची, सातवीतली, दिवाळीच्या आगेमागे सलग गैरहजेरी होती. म्हणजे कापूस. वेचणी किलोवर असते, आईच्या जोडीला लेक असली की तेवढे किलो वाढतात. दुसरीतल्या भावाची हजेरी मात्र भरलेली. उत्पन्नाच्या दाखल्यावर मी वेळ घालवत नाही. आमच्याकडे गावच्या गाव वर्षाला २१,००० वर येऊन थांबतं, कारण संजय गांधी निराधार अनुदान योजनेची उत्पन्नमर्यादा वर्षानुवर्षं तीच. तलाठ्यालाही ते माहीत असतं, तहसीलदारालाही.

घर पत्र्याचं, एक खोली. बाई तिशीतली. दोन्ही लेकरांना घेऊन घरासमोर उभी राहिली, फाइलला लागतो तो फोटो मी काढला. मग आत बसून लिहायला घेतलं. पतीचा मृत्यू कधी झाला, विचारलं तर ती म्हणाली, "चार वर्षं झाली." कशानं, यावर ती गप्प. तेवढ्यात फळीवरचा मोबाइल वाजला. मुलानं झडप घालून उचलला आणि म्हणाला, "पप्पा, मॅडम आल्यात. फोटो काढला आमचा."

बाईनं पदर तोंडाला लावला. मुलगी उठली, भावाच्या हातातून फोन घेतला, बंद केला आणि परत फळीवर ठेवला.

मग सगळं निघालं. नवरा चाकणला, कुठल्याशा कंपनीत ठेकेदाराकडे. तिथे दुसरा संसार आहे. चार वर्षांत गावाकडे फिरकला नाही, पण मुलाला फोन करतो. तालुक्याला फॉर्म भरून देणाऱ्यानं तिच्याकडून तीनशे रुपये घेतले आणि 'मयत' लिहिलं. आमचा फॉर्म फुकट मिळतो. मी तिला सांगितलं की टाकलेल्या बाईचीही लेकरं योजनेत बसतात.

"मंजी मेला म्हनायची गरजच नव्हती?"

"नव्हती."

ती थोडं हसली. मग विचारलं, तो पैसे पाठवतो, ते लिहिणार का? फोनपे उघडून दाखवलं. पोळ्याला १०००, दिवाळीला १५००, मध्येच एकदा ५००. वर्षाचे तीन हजार. "त्याला सांगू का मग, पाठवू नको म्हनून?"

याचं उत्तर कुठल्याही शासन निर्णयात नाही. सणाला हजार रुपये पाठवणारा बाप पोसणारा धरायचा की टाकून गेलेला? मी सगळे आकडे अहवालात लिहिले आणि खाली माझं मत दिलं : पालकत्वाची जबाबदारी पार पाडत नाही. या वाक्यावर मी आजही ठाम आहे.

अशा मुलांच्या प्रकरणांत आदेश देणाऱ्या बालकल्याण समितीपुढे माय-लेकरं आली. आईनं खरं सांगितलं. एका सदस्यांनी, निवृत्त मुख्याध्यापक आहेत, पोटगी का मागत नाही म्हणून विचारलं. कायद्यानं बरोबर आहे, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५, आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. पण ज्याचा पत्ता 'चाकण' एवढाच माहीत आहे त्याला समन्स कोण बजावणार? आणि तारखेला गेलेल्या दिवसाची मजुरी कोण देणार? समितीत शहाणी माणसं आहेत, पण रोजंदारीचा दिवस म्हणजे काय हे त्यांना दरवेळी नव्यानं सांगावं लागतं.

मग त्यांनी मुलीला जवळ बसवून विचारलं, वडील कुठे असतात?

ती म्हणाली, "मयत आहेत."

आई म्हणाली, "अगं, सांगितलंय मी खरं." मुलीनं आईकडे पाहिलंसुद्धा नाही. परत तेच, तोच शब्द, अर्जावरचा. कामकाजात नोंद झाली : बालिकेच्या व मातेच्या जबाबात विसंगती, बालिकेस पढवल्याची शक्यता, सामाजिक कार्यकर्तीने खुलासा सादर करावा.

पढवलेली मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत. ती आईकडे बघून बोलतात, आणि आईनं खूण केली की लगेच बदलतात. ही बदलली नाही. समितीला मी हे तोंडी सांगितलं. अध्यक्ष मॅडमना पटल्यासारखंही वाटलं, पण नोंद तशीच राहिली. बाहेर व्हरांड्यात मी तिला विचारणार होते. विचारलं नाही. तिच्या तोंडून काही आलं असतं तर ते मला खुलाशात लिहावं लागलं असतं.

आता समितीनं ग्रामपंचायतीचा दाखला आणि शेजाऱ्यांचा पंचनामा मागवला आहे. पंचनामा झाला आहे. ग्रामसेवक म्हणतात, परित्यक्ता असल्याचा दाखला आम्ही देत नाही, स्वयंघोषणापत्र घ्या. ते चालेल का, यावर आमच्याकडे दोघांची दोन मतं आहेत. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. त्याआधी आदेश झाला नाही, तर बाईला तहसीलमध्ये पुन्हा २१,००० चा कागद काढावा लागेल.