माळाची नोंद, जानेवारी: गेलो धाविकासाठी

या महिन्याचं काम ठरलेलं होतं. धाविक, म्हणजे माळावर पळणारा छोटा पक्षी, याचा फोटो; त्याच्या डोळ्याच्या पातळीवरून, मागं फक्त वाळलेलं गवत. साताऱ्याहून सगळे कासला जातात. मला जिल्ह्याचा पर्जन्यछायेतला पूर्व भागच जास्त आवडतो. माण तालुक्यातल्या माळावर ही तिसरी सकाळ. साडेसहाला कुसळात पालथा पडलो. धाविक तुरुतुरु पळतो आणि एकदम ताठ थांबतो. ते थांबणं टिपायचं म्हणून शटर सेकंदाच्या १/५०० वर, फोकसचा एकच बारका पॉइंट. दोन फोटो मनासारखे मिळाले.

ऊन नुकतंच पडलं होतं. धाविक अचानक उडाले. डावीकडून एक जनावर दुडक्या चालीनं येत होतं. आधी कुत्रं वाटलं. मग ते लांब पाय, अरुंद छाती, खाली धरलेली मान दिसली आणि माझे हात थरथरायला लागले. लांडगा! वारा तिकडून माझ्याकडं होता, त्यामुळं वास गेला नाही. चाळीसेक पावलांवर तो थांबला, पिवळसर डोळे थेट लेन्सवर. मग ओघळीत उतरून दिसेनासा झाला.

चौदा फोटो. नऊमध्ये फोकस पुढच्या कुसळावर, तिनात पाय हललेले, दोन बरे. दुडक्या चालीच्या जनावराला १/५०० पुरत नाही, हे ठाऊक असूनही बोट शटरच्या डायलकडं गेलंच नाही.

त्या दोनांतला एक स्क्रीनवर मोठा करून पाहिला. मादी होती, आचळं दुधानं भरलेली. दख्खनच्या माळावर लांडग्यांची पिल्लं हिवाळ्यातच होतात. म्हणजे बीळ जवळच. मागं जावंसं फार वाटलं. गेलो नाही, तिथंच पडून राहिलो.

परतताना मेंढरांमागं एक आजोबा भेटले.

"पाव्हणं, वघळीकडं गेली न्हवं?"

मी हो म्हणालो.

"पोरं हायती तिला. म्या मेंढरं तिकडं न्हेत न्हाई. दोन म्हयनं जाऊ द्या."

ज्यांच्या मेंढरांवर तिचा डोळा, तेच आजोबा तिला वाट सोडून होते. दिवसभर ते वाक्य मनात होतं.

आता कॅमेऱ्याच्या एका बटणावर १/२०००, ऑटो आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता कॅमेराच ठरवतो) आणि मोठा फोकस झोन बसवून ठेवलाय; न बघता दाबायची सवय घरी मांजरावर करतोय. माळाचं नाव लिहीत नाही, कुणी विचारूही नये. एप्रिलपर्यंत तिकडं जाणार नाही. धाविक खटावच्या बाजूला शोधतो.