मताधिकार नसला तरी हिशेब मागता येतो: न्यू जर्सीतल्या गावांचा पैसा

एडिसन, प्लेन्सबरो, वेस्ट विंडसर, साउथ ब्रन्सविक. न्यू जर्सीत मराठी कुटुंबं घर घेऊन स्थिरावली आहेत अशी ही काही गावं. घरमालकाला दर तिमाहीला, म्हणजे १ फेब्रुवारी, १ मे, १ ऑगस्ट आणि १ नोव्हेंबरला, प्रॉपर्टी टॅक्सचा हप्ता भरावा लागतो. राज्यात वर्षाची सरासरी रक्कम १०,००० डॉलरच्या आसपास जाते. भरणाऱ्यांत एच-वन-बी आणि ग्रीन कार्डवाले पुष्कळ. मत देता येत नाही, मग गावच्या कारभाराशी आपला काय संबंध, असं त्यांतले बरेचजण धरून चालतात. ही समजूत चुकीची आहे. बैठकीला बसणं, तिथे बोलणं, कागद मागणं आणि मिळाले नाहीत तर कोर्टात जाणं, यांतल्या एकाही गोष्टीसाठी इथे नागरिकत्व लागत नाही.

आधी टॅक्सचं बिल नीट वाचायला हवं. त्यात शाळा, काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) आणि गाव असे वाटे वेगवेगळे छापलेले असतात. बहुतेक ठिकाणी सगळ्यांत मोठा वाटा शाळांचा, साधारण निम्मा किंवा त्याहून जास्त. तो स्कूल बोर्ड ठरवतं. टाउनशिप कौन्सिलसमोर, म्हणजे गावाच्या निवडून आलेल्या मंडळासमोर, शाळेच्या करावर पोटतिडकीनं बोलणारे लोक नेहमी दिसतात, पण ते चुकीच्या दारात उभे असतात.

मात्र तिन्ही वाटे वसूल गावच करतं, आणि लोकांनी कर थकवला तरी शाळा व काउंटीला पूर्ण रक्कम गावालाच चुकती करावी लागते. त्यासाठी अंदाजपत्रकात ‘न वसूल होणाऱ्या करांची राखीव रक्कम’ ठेवतात. वसुली जितकी ढिली, तितकी ही रक्कम मोठी, आणि तिचा भार वेळेवर भरणाऱ्यांवर. मागच्या वर्षी प्रत्यक्ष झालेल्या वसुलीपेक्षा जास्त टक्केवारी सर्वसाधारणपणे गृहीत धरता येत नाही. म्हणून हा आकडा अचानक वाढला असेल तर वसुलीचं काय झालं, हे विचारणं रास्तच आहे.

जानेवारी ते डिसेंबर वर्ष पाळणाऱ्या गावांत अंदाजपत्रक सहसा फेब्रुवारी-मार्चमध्ये मांडलं जातं. मांडल्यापासून जनसुनावणीपर्यंत किमान २८ दिवस जावे लागतात. खरं काम करायचं ते याच दिवसांत. सुनावणीच्या रात्री पहिल्यांदा आकडे पाहणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, कारण तोवर कौन्सिलचं मन ठरलेलं असतं. गावाच्या संकेतस्थळावर सोप्या रूपातलं अंदाजपत्रकही टाकावं लागतं. सुरुवात त्यानं करा, पण पूर्ण प्रतही उघडा.

त्यात पहिल्यांदा शिल्लक निधी शोधा. यंदा त्यातले किती वापरले आणि मागच्या वर्षभरात त्यात नव्यानं किती जमा झाले, हे दोन आकडे शेजारी मांडा. जमा होतं त्याहून जास्त दरवर्षी उचललं जात असेल, तर आज ‘करवाढ नाही’ म्हणून मिरवणारं गाव दोन-तीन वर्षांत मोठी वाढ लादणार. निवडणुकीच्या वर्षी हे विशेष तपासा. २०१० च्या कायद्यानं गावाच्या एकूण करमागणीच्या वाढीवर वर्षाला २ टक्क्यांची मर्यादा घातली आहे, पण कर्जफेड, पेन्शन आणि आरोग्यविम्यातली वाढ तिच्या बाहेर राहू शकते. त्यामुळे ‘आम्ही मर्यादेच्या आत आहोत’ हे वाक्य खरं असूनही बिल ४ टक्क्यांनी वाढू शकतं.

अंदाजपत्रक म्हणजे संकल्प. पैसा खरा जातो तो बिल लिस्टमधून. कोणाला किती रक्कम द्यायची याची यादी कौन्सिल बैठकीत मंजूर करतं, तीही बहुधा ‘कन्सेंट अजेंडा’त, म्हणजे वीस-पंचवीस ठरावांना मिळून एकच हात वर. या यादीत कंपनीचं नाव, रक्कम आणि परचेस ऑर्डरचा क्रमांक असतो. सलग सहा महिन्यांच्या याद्या एका स्प्रेडशीटमध्ये उतरवा आणि कंपनीच्या नावानं क्रम लावा. एका बैठकीत किरकोळ वाटणारी रक्कम तेव्हा एकत्र दिसते. एकाच प्रकारचं काम तुकड्यातुकड्यांनी, ज्या रकमेवर निविदा सक्तीची होते तिच्या जरा खाली दिलेलं असेल, तर तेही इथेच उघडं पडतं. वकील, इंजिनिअर, ऑडिटर यांच्या व्यावसायिक सेवांना निविदेची सक्ती नाही. त्यांची बिलं म्हणूनच अधिक बारकाईनं पाहायची. बांधकामाच्या कंत्राटात ‘चेंज ऑर्डर’, म्हणजे काम दिल्यावर त्यात केलेले बदल, मोजत जा. काही अपवाद सोडले तर त्यांची बेरीज मूळ रकमेच्या २० टक्क्यांवर जाता कामा नये.

ऑर्डिनन्स (गावाचा कायदा) आणि रेझोल्यूशन (कौन्सिलचा साधा ठराव) यांतला फरकही पक्का हवा. ऑर्डिनन्सला दोन वाचनं आणि जनसुनावणी लागते. पहिल्या वाचनानंतर किमान १० दिवसांनीच ते संमत होतं. कर्ज काढायचं तर ऑर्डिनन्सच लागतं. कंत्राट मात्र रेझोल्यूशननं दिलं जातं: एक बैठक, एक मत, सुनावणी नाही. लोक सुनावणीची वाट बघत बसतात आणि काम देऊन झालेलं असतं. तिसरी गोष्ट नोव्हेंबर-डिसेंबरची. एका खात्यातली तरतूद दुसऱ्यात वळवायला कायदा वर्षाच्या शेवटच्या दोन महिन्यांतच परवानगी देतो, तीही दोन-तृतीयांश मतांनी. कोणत्या खात्याला वर्षभर जाणूनबुजून जास्त पैसे दिले होते, ते या ठरावांत दिसतं.

आता कागद मागण्याविषयी. आपल्याकडच्या माहितीच्या अधिकाराचा इथला भाऊ म्हणजे ‘ओप्रा’ (ओपन पब्लिक रेकॉर्ड्स ॲक्ट) हा २००२ पासून लागू असलेला कायदा. आपल्याकडे अर्जदार भारतीय नागरिक लागतो आणि मुदत ३० दिवसांची असते. इथे अर्ज कोणीही करावा. राज्याबाहेरच्या माणसालाही तो हक्क असल्याचं अपील कोर्टानं २०१८ साली स्पष्ट केलं. गावचा क्लार्क हा कागदपत्रांचा जबाबदार अधिकारी. उत्तराची मुदत सहसा कामाचे ७ दिवस, आणि त्यात काहीच कळवलं नाही तर तो नकारच मानला जातो. अंदाजपत्रक, बिलं, व्हाउचर, कंत्राटं, पगार आणि ओव्हरटाइम ही माहिती तर सर्वसाधारणपणे लगेच द्यायची असते. छापील साध्या पानाला ५ सेंट. ईमेलनं मागितलं तर बहुधा काहीच पडत नाही.

अर्ज फेटाळले जातात ते बहुतेक लिहिण्याच्या चुकीमुळे. ‘पार्कवर इतका खर्च का झाला?’ हा प्रश्न झाला, आणि क्लार्क प्रश्नांची उत्तरं द्यायला बांधील नाही. ‘पार्कसंबंधीची सर्व कागदपत्रं’ हीही मागणी टिकत नाही, कारण कोर्टांनी अशा मोघम शोधाला नकार दिला आहे. टिकते ती अशी: १ जानेवारी ते ३० जून या काळात अमुक कंपनीला दिलेल्या रकमांची व्हाउचरं, तिची बिलं आणि अमुक क्रमांकाची परचेस ऑर्डर. क्रमांक बिल लिस्टमध्ये मिळतोच. ईमेल हवे असतील तर कोणाचे, कोणत्या तारखांमधले आणि कोणत्या विषयावरचे, हे तिन्ही लिहा. मजकुरावर काळी पट्टी मारली असेल तर कायद्यातलं कारण लेखी मागा.

गावानं दावा मिटवताना केलेला करारही सार्वजनिक कागद आहे. ‘तो विमा कंपनीकडे आहे, आमच्याकडे नाही’ असं उत्तर मिळालं तर ते स्वीकारू नका. असे करार मिळवून देणं हे सार्वजनिक संस्थेचं काम आहे, असा निकाल २०१० साली लागला आहे. नकाराविरुद्ध कोर्टात जायला ४५ दिवस असतात. कोर्टाऐवजी राज्याच्या सरकारी रेकॉर्ड्स कौन्सिलकडे केलेली तक्रार फुकट, पण तिथे निकालाला फार वेळ लागतो. जून २०२४ मध्ये सही झालेल्या ओप्राच्या दुरुस्तीनं, जिंकल्यावर वकिलाचा खर्च मिळण्याची हमी कमी केली. आमच्या मते ती सामान्य रहिवाशावर अन्याय करणारी आहे, आणि म्हणूनच पहिला अर्जच इतका नेमका हवा की तो नाकारायला जागा उरू नये.

कागद हाती आल्यावरच बैठकीत उभं राहा. प्रत्येक बैठकीत लोकांना बोलायला वेळ ठेवणं कौन्सिलवर बंधनकारक आहे. उत्तर देणं मात्र नाही. माणशी सहसा तीन ते पाच मिनिटं मिळतात. एकच प्रश्न, एकच आकडा आणि त्याच्या कागदाची तारीख एवढंच घेऊन जा. इतिवृत्त शब्दशः लिहिलं जात नाही, म्हणून बोललेल्याची प्रत क्लार्ककडे द्या आणि जोडायला सांगा. बैठकीच्या चित्रीकरणाचा हक्क न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानं २००७ साली मान्य केला आहे. बंद दाराआड जाताना कौन्सिलला विषयाचं स्वरूप सांगणारा ठराव करावा लागतो. नुसतं ‘कायदेशीर बाबी’ म्हटलं, तर तिथल्या तिथे अधिक तपशील मागा.

वर्ष संपल्यावर ६ महिन्यांत ऑडिट यायला हवं. त्यातलं शेवटचं ‘शेरे आणि शिफारशी’ प्रकरण आपण वाचलं आहे, अशी सही प्रत्येक सदस्याला करावी लागते, आणि दोष दूर करण्याची योजना ६० दिवसांत द्यावी लागते. मागच्या तीन वर्षांची ही प्रकरणं शेजारी ठेवा. तिन्हीत जी शिफारस तशीच राहिली असेल तिच्याखाली रेघ मारा आणि पुढच्या बैठकीत सही करणाऱ्यांना तिच्याबद्दल नाव घेऊन विचारा.