एकच इंजिन, दोन गाड्या

रविवार, रात्री

आज सकाळी मित्राची लोटस एव्होरा ही स्पोर्ट्स कार तासभर चालवली आणि दुपारी घरच्या सगळ्यांना घेऊन आमची जुनी टोयोटा सिएना ही आठ आसनांची मोठी गाडी बाहेर काढली. या दोन गाड्यांच्या पोटात मुळात एकच इंजिन आहे, हे मी सांगतो तेव्हा ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही. आज खरे सांगायचे तर माझाही बसेना. टोयोटाचे ३.५ लिटरचे व्ही-६ (सहा सिलिंडरांचे) इंजिन आमच्या सिएनात २६६ अश्वशक्ती देते, आणि लोटसने २००८ मध्ये लोकांपुढे आणलेल्या एव्होरात तेच २७६ देते. फरक अवघा दहाचा.

वजनाचे गणित उघड आहे. एव्होरा जेमतेम १.४ टनांची, तर सिएना रिकामी असतानाच दोन टनांच्या आसपास भरते. शिवाय एव्होरात इंजिन आसनांच्या मागे, मागच्या चाकांच्या पुढे बसवलेले असल्यामुळे वजन गाडीच्या मध्याजवळ राहते, आणि छत सिएनापेक्षा अर्ध्या मीटरहून अधिक खाली असल्यामुळे वळणावर गाडी कलंडल्यासारखी वाटत नाही.

मला मात्र दिवसभर विचारात पाडले ते गाडीचा भार चाकांवर पेलणाऱ्या स्प्रिंगांनी. एव्होरात बसून बसून बसणार दोन माणसे (मागे आसने आहेत, पण तिथे पिशवीच ठेवावी), त्यामुळे गाडीवर किती भार येणार हे तिच्या अभियंत्याला आधीच पक्के ठाऊक असते आणि त्या भाराला साजेशी स्प्रिंग तो निवडू शकतो. सिएनाच्या अभियंत्याला ही सोय नाही. सकाळी तीत मी एकटा असतो, दुपारी आठ जण; सत्तर किलोंचा माणूस धरला तर माझ्याखेरीजच्या सात जणांचे जवळजवळ पाचशे किलो होतात, त्यात सामान वेगळेच, आणि यातला बराचसा भार मागच्या चाकांवर पडतो. भरलेल्या गाडीसाठी स्प्रिंग कडक ठेवावी तर रिकामी गाडी प्रत्येक खड्ड्यात आदळते. रिकामीसाठी मऊ ठेवावी तर माणसे बसताच गाडीचा मागचा भाग दबतो आणि दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांवर जातो. वळणावर सिएना झुकते, तिला मी इतकी वर्षे सुस्त म्हणत आलो, ते झुकणे बऱ्याच अंशी या तडजोडीतून आलेले आहे.

एव्होराच्या स्टिअरिंगमधून रस्त्याचा खरखरीतपणा थेट तळहातात उतरतो, आणि तो आनंद सिएना मला कधीच देणार नाही. पण दोन्हींतली कोणती गाडी घडवणे अवघड, असे मित्राने निरोप घेताना विचारले तेव्हा मी सिएनाकडे बोट दाखवले. तो हसला.

उद्या पुन्हा आठ जण आहेत. निघण्यापूर्वी टायरमधली हवा तपासली पाहिजे.