सव्वा मूठ आणि वीसपैकी चौदा

कानबाई, म्हणजे आमच्या खान्देशातली श्रावणात घरी बसवतात ती देवी, पुढच्या रविवारी, म्हणून आईने घर उलटं पालटं करायला घेतलंय. खान्देशात ज्यांच्याकडे कानबाई बसते त्यांना सांगायला नको, दिवाळीला एखादवेळेस जाळं राहिलं तर चालतं पण कानबाईला नाही. तर त्या साफसफाईत माझ्या कपाटावरून सुतळीने बांधलेला गठ्ठा खाली पडला, आणि आई म्हणे हा कचरा देऊ का रद्दीत. ६३ निबंध होते. मार्चमधले, अंतर्गत मूल्यमापनाचे, वीस वीस मार्कांचे. म्हटलं थांब जरा, आणि मग काय, झाडू बाजूला ठेवून पलंगावर बसून तेच वाचत बसलो, आईच्या शिव्या खात.

मी तालुक्याच्या कॉलेजात बीएच्या पोरांना शिकवतो. निबंधाला विषय मोकळा ठेवला होता, इतिहास, समाज, भाषा, शेती, बाया, राजकारण, काय हवं ते लिहा. मोकळा विषय म्हटला की पोरं सगळ्यात जास्त घाबरतात हे मला एव्हाना कळायला पाहिजे होतं. बावीस जणांनी "भारत हा कृषिप्रधान देश आहे" ने सुरुवात केलीय, त्यात एक निबंध सोशल मीडियावरचा आहे. एकाने तर मोबाईलवरून उतरवताना सगळ्यात वरची ओळसुद्धा सुवाच्य अक्षरात काढलीय, "नक्कीच! खाली तुमच्या विषयावर सविस्तर निबंध दिला आहे." खाली डबल रेघ मारून. मी तेव्हा हसलो होतो, स्टाफरूममध्ये वाचूनपण दाखवला होता. पण खरं सांगू का, बारावीत मी स्वतः गाईडमधून "विज्ञान शाप की वरदान" पाठ करून गेलो होतो आणि पेपरात "वृक्षारोपण" आलं तर त्यातच झाडं लावून आलो होतो. आमच्यावेळी गाईड होतं, यांच्याकडे मोबाईल आहे, त्यात फार काही फरक नाही भो.

बहिणाबाई मात्र जवळजवळ प्रत्येक गठ्ठ्यात असतात. विषय कोणताही असो, वरती त्यांची एक ओळ, दाराला तोरण बांधल्यासारखी. विद्यापीठालाच आता त्यांचं नाव आहे त्यामुळे ते साहजिक पण आहे. बहिणाबाईंना लिहिता वाचता येत नव्हतं, त्या शेतात, जात्यावर म्हणत गेल्या आणि मुलाने सोपानदेवांनी नि एका नातलगाने ते कागदावर उतरवलं, १९५१ ला त्या गेल्या आणि पुस्तक १९५२ ला आलं. म्हणजे हयातीत स्वतःचं पुस्तक काही त्यांनी बघितलं नाही. आणि ते सगळं लेवा बोलीतलं. आता हेच एखाद्या पोराने निबंधात त्याच बोलीत लिहिलं तर आम्ही काय करतो? लाल पेन. मीपण. या गठ्ठ्यात एका पोरीने "आखाजीला माहेरी येतात" असं लिहिलंय आणि मी आखाजीवर काट मारून वर "अक्षय्य तृतीया" लिहिलंय. कोणत्या तंद्रीत लिहिलं देव जाणे, माझ्या स्वतःच्या घरात कोणी अक्षय्य तृतीया म्हणत नाही.

नंदुरबारच्या एका पोराचा शिरीषकुमारवर आहे. दरवर्षी तीन-चार असतातच, ९ सप्टेंबर १९४२, मिरवणूक, गोळीबार, हातात तिरंगा, पंधरा वर्षांचा पोरगा. याने मात्र मधेच एक प्रश्न टाकलाय आणि तसाच सोडून दिलाय. की सर, घोषणा "नहीं नमशे" अशी गुजरातीत का होती? आम्ही तर मराठी शाळेत शिकलो. त्या दिवशी गेलेल्या पाच जणांची आडनावं त्यानेच खाली लिहिलीत, मेहता, शहा, वाणी, केतकर, परत शहा. उत्तर तिथेच आहे की, एका पेठेत दोन-तीन भाषा नांदत होत्या, सगळा मुलूख तेव्हा मुंबई इलाख्यात, राज्याची सीमा नंतर १९६० ला आली आणि नंदुरबार या बाजूला राहिलं. एवढं त्याला वर्गात पाच मिनिटात सांगता आलं असतं. मी समासात फक्त "चांगला प्रश्न" लिहिलंय. सांगितलं काहीच नाही.

पण मला खरं लिहायचंय ते पुढच्या दोघांबद्दल.

एक पोरगा तळोद्याकडचा, सातपुड्याच्या पायथ्याचा. विषय "असंघटित कामगारांच्या समस्या". साडेतीन पानं व्याख्या, कायदे, योजना, "सदर", "तथापि", तेच ते. आणि शेवटच्या पानावर, जागा उरली म्हणून असेल, अर्धं पान वेगळंच. आमच्याकडचे लोक दिवाळीनंतर टोळीने गुजरातला ऊस तोडायला जातात. मुकादम आधी उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. आई वारली त्या वर्षी मुकादमाने वडिलांना अर्धा कोयता धरलं, पण उचल तर दोघांची आधीच घेतलेली होती, मग कोयता पूर्ण करायला मी गेलो. "त्यामुळे माझ्या अकरावीत एक वर्षाचा गॅप आहे." संपला निबंध. पूर्णविराम नाही, पान संपलं म्हणून संपला.

त्या अर्ध्या पानाच्या शेजारी माझ्या हाताने, लाल पेनने, लिहिलंय: विषयांतर.

मी ते दहा वेळा वाचलं आज. काय डोकं चालत होतं माझं? बहुतेक चाळिसावा वगैरे पेपर असेल, रात्रीचे साडेअकरा, दुसऱ्या दिवशी मार्क भरायचे होते, हे सगळं खरं आहे, पण साडेतीन पानं उतरवलेली त्याला मी टिक टिक करत गेलो आणि जिथे तो स्वतः बोलायला लागला तिथे थांबून म्हटलं हे विषयाबाहेर आहे. ॲडमिशनच्या वेळी ऑफिसात त्या गॅपसाठी त्याच्याकडून प्रतिज्ञापत्र मागितलं असणार, सगळ्यांकडून मागतात. त्यावर कारण काय लिहिलं असेल त्याने? "घरगुती अडचण". सगळे तेच लिहितात.

दुसरी पोरगी धरणगावकडची, हुशार, पहिल्या बाकावरची. तिचे दोन निबंध आहेत कारण दोनदा घेतले होते. पहिला "स्त्री सबलीकरण : काळाची गरज", १७ मार्क. सावित्रीबाई, १८४८ ची पुण्यातली शाळा, १९९४ चं महाराष्ट्राचं महिला धोरण, मग २००५ ची वारसा कायद्यातली दुरुस्ती, मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच वाटा, सगळं बरोबर, साल बरोबर, एक चूक नाही. वाचून झाल्यावर तिचं गाव कोणतं, तिच्या घरी कोण कोण आहे, शेत आहे का, काही कळत नाही. कोल्हापूरच्या पोरीनेपण हाच निबंध लिहिला असता.

दुसरा "आमच्याकडील सण". १४ मार्क, "प्रस्तावना नाही, मांडणी विस्कळीत". यात तिने कानबाईचं सगळं लिहिलंय. नागपंचमीनंतरचा रविवार, नारळाची कानबाई, तिला नथ, साडी, रात्रभर गाणी, सोमवारी नदीवर नेतात, गंगाफळाची भाजी, खीर, पुरणपोळ्या. आणि रोट, म्हणजे कानबाईचा नैवेद्य, कसे करतात ते. आता हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, रोटाचं धान्य मोजायची एक पद्धत असते, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. भाऊबंदकीतला जो कुठे असेल, सुरतला, पुण्याला, त्याच्यापण नावाची पडते. तर ही लिहिते, शब्द तिचेच देतो:

"माझा चुलतभाऊ आठ महिन्याचा आहे त्याची मूठ टाकतात. त्याला दात नाही. माझी टाकत नाही. मी आईला विचारले तर म्हणाली लग्न झाल्यावर. पण काकूची पण टाकत नाही. दळण मात्र चक्कीवर मीच नेते कारण मला सायकल येते."

आणि लगेच पुढच्या ओळीत "यानंतर पोळा हा सण येतो".

तिला स्वतःलापण कळलं नाही बहुतेक तिने काय लिहिलंय. किंवा कळलं असेल आणि मुद्दाम पोळ्यावर उडी मारली असेल, पोरी फार बेरकी असतात. पण मला तर कळायला पाहिजे होतं ना. दोन्ही निबंध एकाच सुतळीत, एकावर एक. २००५ चा वाटा पहिल्यात आणि सव्वा मूठ दुसऱ्यात, आणि मी पहिल्याला तीन मार्क जास्त दिलेत.

मार्क आता बदलता येत नाहीत, पोर्टल कधीच बंद झालं. पोरगा या वर्षी दिसला नाही अजून, ॲडमिशनची तारीख वाढलीय म्हणा. पोरगी आहे, परवाच जिन्यात "नमस्ते सर" करून गेली. तिला थांबवून काय सांगू, की तुझा १४ वाला चांगला होता? मग म्हणेल मार्क का नाही दिले.

हे सगळं डोक्यात घेऊन बसलो होतो तेव्हा बाहेरच्या खोलीत आईने गव्हाचा डबा उघडला. रोट अजून आठवड्यावर आहेत पण तिला धान्य आधी मोजून, निवडून ठेवायची घाई. पाटावर पांढरं फडकं, त्यावर ती मुठी टाकत होती, नावं घेत. बाबांची, माझी, भावाची, भावाच्या दोन्ही पोरांची, नाशिकच्या काकांची. चाळीस वर्षं मी हे बघतोय. आतापर्यंत फक्त माझं नाव आलं की नाही एवढंच ऐकायचो.

माझी पोरगी सातवीत आहे. ती दारात उभी राहून बोटं मोजत होती. म्हणाली, आजी, माझी?

आई हसली, "तुनी मूठ तुना सासरले टाकतीन, बाई."

"तिथेपण नाही टाकत. बाबांच्या कॉलेजातल्या एका ताईने लिहिलंय." म्हणजे मी आत मोठ्याने वाचत होतो तर, मला वाटलं मनात वाचतोय.

आईची मूठ जरा वेळ तशीच डब्यात राहिली. माझ्याकडे बघितलं तिने, मी पेपर बघितले. मग तिने एकदम विषयच बदलला, कालचं ज्वारीचं दळण राहिलं होतं कोपऱ्यात ते आठवलं तिला, ती पिशवी उचलून पोरीच्या हातात दिली, "लवकर जाय माय, लाईट जाई ते चक्की बंद पडी."

पोरीने पिशवी सायकलला अडकवली आणि गेली. मी पलंगावरच होतो, गठ्ठा मांडीवर.